थैलीतली बिलं आणि डब्यातली साखर

ताई, मी ऐरोलीला राहते. माझी धाकटी जाऊ कळव्याला, खारेगावात. तिचं वय ३३. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. बाळंतपणानंतर तिच्या छातीत गाठ लागत होती, सगळ्यांनी दुधाची गाठ म्हणून सोडून दिली. मीसुद्धा म्हणाले होते, ‘शेक घे, विरघळेल.’ तीन महिन्यांपूर्वी कॅन्सर निघाला. मुलगा अंगावर पीत होता, केमो सुरू होताना एका दिवसात तोडलं. खासगी हॉस्पिटलात चार केमो झाल्या, आता दर आठवड्याची लागणार, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. दिराच्या कंपनीचा तीन लाखांचा मेडिक्लेम संपला. त्याने पाच लाखांचं पर्सनल लोन काढलं, सासूबाईंनी पाटल्या मोडल्या, आता फ्लॅट विकायची भाषा चालू आहे. यातलं तिला काही कळू द्यायचं नाही असं घरात ठरलंय. माझ्या यजमानांनी मला न विचारता दीड लाख दिले, मला बँकेच्या मेसेजवरून कळलं. आमचा मुलगा बारावीला आहे. मला राग आला, आणि मग रात्रभर स्वतःचीच लाज वाटली.

आमचं दोघींचं फ्लॅटच्या पैशांवरून बिनसलेलं होतं. तिच्या मुलाच्या बारशाला मी ऐन जेवायच्या वेळी गेले आणि हात धुऊन निघाले. आता ती फार बोलत नाही. मागच्या आठवड्यात तिने एकच निरोप धाडला, ‘वहिनींच्या हातची कुळथाची पिठी खावीशी वाटते.’ मी यजमानांबरोबर डबा पाठवला, स्वतः गेले नाही. डबा परत आला तेव्हा आत मूठभर साखर होती. ताई, किती पैसे द्यायचे? मुलांना माझ्याकडे आणू का? तिच्याशी बोलू काय?
– एक थोरली जाऊ, ऐरोली

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या साखरेपाशी थांबले. डबा रिकामा परत करू नये ही आपल्याकडची जुनीच रीत. पण चार केमो झालेली बाई ती. तोंडाला चव नाही, पायांत त्राण नाही. ती उठून ओट्यापाशी येते, तुमचा डबा घासते, पुसते, मूठभर साखर घालते आणि झाकण लावते. त्या घरात सध्या हे दुसऱ्या कुणाला सुचलं असेल असं मला वाटत नाही. तिने तुमच्याशी बोलणं टाकलेलं नाही. तुम्हाला जायला जड जातंय हे तिला कळलंय आणि तिच्या परीने तिने तुमची अडचण कमी केली आहे. या साखरेकडे मी शेवटी परत येईन. आधी पैशांचं बोलू, कारण तुम्हा सगळ्यांची झोप त्याने उडवली आहे.

फ्लॅट विकायचा विषय तूर्त बंद करा. घरातले सगळे घाबरून हाताला लागेल ते मोडतायत, आणि एकूण लागणार किती हा आकडा अजून कुणी कागदावर मांडलेला दिसत नाही. तुमच्या पत्रात तीन लाख आहेत, पाच लाख आहेत, दीड लाख आहेत, पण ते सगळे गेलेल्या नाहीतर आणलेल्या पैशांचे आकडे आहेत. पुढचा खर्च कुठेच नाही. दिराला सांगा, डॉक्टरांकडून उरलेल्या संपूर्ण उपचारांचं अंदाजपत्रक लेखी घे. दर आठवड्याच्या केमो किती, ऑपरेशनचे किती, रेडिएशनचे किती, आणि त्यानंतर काही आहे का, सगळं टप्प्याटप्प्याने, सही-शिक्क्यासह. पुढे प्रत्येक ठिकाणी हाच कागद मागतील, तेव्हा त्याच्या चार-पाच मूळ प्रती घ्या. बऱ्याच ठिकाणी झेरॉक्स चालत नाही.

अंदाजपत्रक घेताना एक प्रश्न आवर्जून विचारा. बायोप्सीबरोबर आणखी एक रिपोर्ट आलेला असतो, त्यावर ईआर, पीआर आणि हर-टू अशी तीन नावं असतात. पुढच्या खर्चाची किल्ली त्या कागदात आहे. ईआर-पीआर पॉझिटिव्ह असेल तर सगळं आटोपल्यावर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या पाच ते दहा वर्षं घ्याव्या लागतात, पण त्या फार महाग नाहीत. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रॅस्टुझुमॅब नावाचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी साधारण वर्षभर, म्हणजे १७-१८ वेळा लागतं, आणि बजेट कोलमडतं ते तिथे. हे इंजेक्शन बहुधा आठवड्याच्या केमोबरोबरच सुरू होतं, म्हणजे तुमच्याकडे विचारायला वेळ आत्ताच आहे. भारतीय कंपन्यांनी २०१४ पासून त्याचे बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच काम करणारे पर्याय, बाजारात आणले आहेत, आणि ब्रँडगणिक किमतीत मोठा फरक पडतो. डॉक्टरांना सरळ विचारावं, ‘परवडणारा कुठला ब्रँड तुम्हाला चालेल? आणि तो आम्ही बाहेरच्या परवानाधारक दुकानातून पक्क्या बिलाने आणला तर चालेल का?’ बाकीच्या केमोच्या औषधांनाही हेच लागू आहे. सरकारने २०१९ मध्ये ४२ कॅन्सरच्या औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर बांधला, तरी छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळू शकणारी किंमत यांत अंतर राहतंच. डॉक्टरांना पैशांचं विचारणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागवत नाही.

आता माझं ठाम मत सांगते. घर विकायची वेळ येत असेल तर आधी हॉस्पिटल बदलायचा विचार करा. तुमच्यापासून खारघर किती लांब आहे? टाटा मेमोरियल सेंटरचंच ॲक्ट्रेक हे कॅन्सर उपचार आणि संशोधन केंद्र तिथे आहे. परळचं मूळ हॉस्पिटल १९४१ पासून उभं आहे, आणि छातीच्या कॅन्सरवर त्यांच्याइतका अनुभव असलेली ठिकाणं देशात थोडी. ‘तिथे गर्दी असते’ असं कुणीतरी म्हणेलच. असते, खूप असते. पहाटे निघावं लागतं, दिवस मोडतो, बसायला खुर्ची मिळेलच असं नाही. पण तिथे कमी दराच्या जनरल वर्गात नाव नोंदवता येतं आणि समाजसेवा विभाग आहे. तिथल्या समाजसेवकाचं कामच तुमच्यासारख्या घरांना कुठून मदत मिळेल ते सांगणं हे आहे. उपचार अर्ध्यावर असताना हॉस्पिटल बदलता येतं. त्यासाठी आत्ताच्या हॉस्पिटलातून बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड्स, सगळ्या स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी, आणि आतापर्यंत कुठली केमो किती मात्रेत दिली त्याचा गोषवारा मागून घ्या. ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. फक्त एक पथ्य कडक पाळा: तिकडची तारीख लागेपर्यंत इकडची केमो चुकवू नका. बदलण्याच्या धावपळीत तीन-चार आठवडे रिकामे गेले तर ते तिच्या अंगावर निघतील.

खारघरला जायला ठाणे-पनवेल लोकल ऐरोलीवरून तुमच्या दारातूनच जाते. दिराने आणि जावेने ठाण्याला ९ किंवा १० नंबरच्या प्लॅटफॉर्मवर गाडी पकडायची, तुम्ही ऐरोलीला चढायचं. दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या पेशंटला प्रवास करता येतो, सोबत हॉस्पिटलचा कागद ठेवायचा. हे खूप जणांना माहीत नसतं आणि पेशंट लेडीज डब्याच्या दांडीला लोंबकळत येतात.

खासगीतच राहायचं ठरलं तरी काही दारं ठोठावून बघायला हवीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पूर्वी दीड लाख होतं. केशरी-पिवळ्या कार्डाचीच अट होती, आता पांढरं रेशनकार्डही चालतं. योजना फक्त त्यांच्या यादीतल्या हॉस्पिटलांत चालते, आणि आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. म्हणून पुढचे पैसे भरण्याआधी १५५३८८ वर फोन करा, किंवा हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्र कुठे बसतात’ म्हणून विचारा; ते या योजनेचेच मदतनीस असतात. खिडकीपाशी गाडं अडतं ते नावावर. लग्नानंतर सुनेचं नाव रेशनकार्डात चढवलेलंच नसतं, किंवा आधारवर माहेरचं नाव असतं आणि रेशनकार्डावर सासरचं. तिचं नाव दोन्हीकडे सारखं आहे का, हे आजच्या आज बघा. हे काम तुम्ही करू शकता, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

धर्मादाय न्यासाची मोठी खासगी हॉस्पिटलं असतात, त्यांना कायद्याने आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेने १० टक्के खाटा गरीब रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. त्याला उत्पन्नाची अट आहे. वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर सवलत. दिराचं उत्पन्न त्याच्या वर असेल तर तो रस्ता बंद, पण तिथल्या समाजसेवकाला विचारायला काही जात नाही. मुख्यमंत्री सहायता निधीची उत्पन्नाची अट याहूनही कडक आहे. पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीतून कॅन्सरसाठी अंशतः मदत होते, पण तीही पुढच्या खर्चासाठी, झालेल्या खर्चासाठी नाही. तुमच्या खासदारांच्या कार्यालयातून पत्र घेऊन अर्ज गेला तर बरं. प्रभादेवीचा सिद्धिविनायक मंदिर न्यास रुग्णांना अर्थसाहाय्य देतो. इंडियन कॅन्सर सोसायटी आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या मुंबईतल्या जुन्या संस्था आहेत, त्यांच्याकडे फक्त पैशांसाठीच जायचं असं नाही, पण पैशांसाठीही जाता येतं. एका ठिकाणाहून सगळी रक्कम मिळणार नाही. थोडी इथून, थोडी तिथून अशीच जमते, आणि प्रत्येक अर्जाला दोन-चार खेपा होतात.

आणि म्हणूनच तुम्हाला माझं सांगणं आहे की तुम्ही फाइल सांभाळा. पैसे यजमानांनी दिले, पाटल्या सासूबाईंनी मोडल्या, हॉस्पिटलात दीर धावतोय. कागद कुणाकडे आहेत? मला खात्री आहे की त्यांच्या घरी दाराच्या मागच्या खिळ्याला मेडिकलवाल्याची एक थैली अडकवलेली असणार, आणि तिच्यात औषधांची बिलं, रक्ताचे रिपोर्ट, रिक्षाभाड्याच्या चिठ्ठ्या, सगळं एकत्र कोंबलेलं असणार. थर्मल कागदावरची बिलं दोन-तीन महिन्यांत कोरी पडतात, आधी त्यांचे फोटो काढा. मग तारखेप्रमाणे लावा. प्रत्येक बिलाला त्या दिवसाचं प्रिस्क्रिप्शन टाचा.

मेडिक्लेम ‘संपला’ म्हणतात, पण कुणी पाहिलंय? कंपनीच्या एचआरकडून शिल्लक लेखी मागवा. काही ग्रुप पॉलिसींत कॉर्पोरेट बफर नावाची राखीव रक्कम असते, मोठ्या आजारात एचआरच्या शिफारशीने ती मिळते, पण कुणी आपणहून सांगत नाही. पॉलिसीचं नवं वर्ष कुठल्या तारखेला सुरू होतं तेही विचारा, कारण त्या दिवशी तीन लाख पुन्हा उभे राहतात. ऑपरेशनची तारीख अर्थातच डॉक्टर ठरवतील, पॉलिसी नाही. ऑपरेशनला खोली घेताना पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा बघा. मर्यादा ३,००० ची असताना ६,००० ची खोली घेतली तर बऱ्याच पॉलिसींत नुसतं भाडंच नाही, सर्जनची फी आणि ऑपरेशन थिएटरचं बिलही त्याच प्रमाणात कापतात, म्हणजे निम्म्यावर येतं. पाहुण्यांना बसायला सोफा हवा म्हणून घेतलेली खोली लाखभराला पडते. आणि दिराला कळकळीने सांगा, काहीही झालं तरी नोकरी सोडू नकोस. बायकोजवळ बसायला म्हणून राजीनामा दिला तर पगाराबरोबर तिचा विमाही जाईल. पीएफमधून आजारपणासाठी रक्कम काढता येते, ती पर्सनल लोनच्या व्याजापेक्षा कितीतरी बरी. सोनं उरलं असेल तर मोडण्याऐवजी बँकेत तारण ठेवा. आणि महिना तीन टक्क्यांनी पैसे देणारा कुणी ओळखीचा भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. अडला हरी होऊन घेतलेलं ते कर्ज आजारपणापेक्षा जास्त दिवस टिकतं.

तुम्ही किती द्यायचे? यजमानांशी बसून ठरवा, मुलाच्या बारावीचा आणि पुढच्या प्रवेशाचा खर्च बाजूला काढून. त्या खर्चाची आठवण झाली म्हणून लाज वाटायचं कारण नाही, तुम्ही त्याची आई आहात. जी रक्कम परत आली नाही तरी तुमच्या तोंडून कधी विषय निघणार नाही, तेवढीच द्या. ‘हे उसने नाहीत’ हे एकदा दिराला स्वच्छ सांगा आणि नंतर विसरा. आधीचे दीड लाख त्यात धरा. यजमानांवर रागावलात ते पैशांसाठी नव्हे, विचारलं नाही म्हणून. ते त्यांना सांगा. भाऊ रडत असताना त्यांना सुचलं नसेल, पण पुढच्या वेळी दोघांनी मिळून द्या.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. तिला काही कळू द्यायचं नाही, हे तुम्ही सगळ्यांनी ठरवलंय ते चूक आहे.

माझ्या सख्ख्या वहिनीच्या आजारपणात आम्ही हेच केलं होतं. तिला त्रास नको म्हणून कर्ज लपवलं. एका दुपारी घरात ती एकटी असताना बँकेच्या वसुलीचा फोन आला, तिने उचलला. संध्याकाळी आम्ही घरी आलो तर ती स्वयंपाकघरात खाली बसली होती, पुढ्यात डाळीची ताटली होती आणि एकही खडा निवडलेला नव्हता. ती एवढंच म्हणाली, ‘माझ्यासाठी काढलेलं, आणि मलाच ठाऊक नाही.’ पुढची केमो घ्यायला ती तयार होईना. आपल्या पायी घर बुडतंय असं तिच्या मनाने घेतलं, आणि ते काढायला आम्हाला महिना लागला. तुमच्या जावेला पाटल्या दिसत नसतील? सासूबाईंचे हात रोज तिच्या डोळ्यांसमोर आहेत. ती गप्प आहे त्यातलं बरंचसं गप्पपण याचंच असावं अशी मला शंका आहे. दिराला समजावा. त्याने तिला सांगावं, एकट्यात, दिवसा, केमोनंतरचे वाईट दिवस टळल्यावर. किती गेले, किती आणले, पुढे काय करायचं ठरतंय. आणि फाइलवर तिचाही हात राहू दे. बिलांच्या तारखा ती लावेल. हॉस्पिटल बदलायचं की नाही यात शेवटचा शब्द तिचा असू दे. ऑनलाइन मदतीचं आवाहन करायचा विषय निघाला तर तिला विचारल्याशिवाय तिचा फोटो कुठेही जाता कामा नये, मुलांचे तर नाहीच. केस गेलेल्या बाईचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो, आणि उद्या तिला त्याच लिफ्टमधून वर जायचं असतं.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवी. केमोनंतर साधारण आठव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी खूप खाली येऊ शकतात, आठवड्याच्या केमोतही त्या घसरतात. ताप १००.४ झाला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलात फोन करून निघायचं. आमच्या वहिनीला ‘नुसती कणकण आहे’ म्हणून आम्ही एक रात्र काढली, आणि पाच दिवस आयसीयूत गेले. ती वाचली. पण ती रात्र मी विसरलेले नाही, म्हणून हे तुम्हाला सांगतेय. थर्मामीटर उशाशी, हॉस्पिटलचा नंबर फ्रिजवर, आणि मुलांना रात्री कोण बघणार ते आधीच ठरलेलं. ते तुम्ही असाल तर उत्तम. विटाव्यावरून रिक्षाने रात्री तुम्हाला कितीसा वेळ लागणार?

काढे, पानांचे रस, कुणाच्या गावचं औषध यांच्या निरोपांना ‘डॉक्टरांना विचारून सांगते’ एवढंच उत्तर द्या आणि खरंच विचारा.

मुलांचं. दोघांना उचलून ऐरोलीला आणू नका. आई आजारी पडली आणि आपल्याला घरातून काढलं, असं पाच वर्षांच्या मुलीला वाटेल. केमोच्या दिवशी आणि नंतरचे दोन दिवस हवं तर न्या, बाकी तुम्ही तिकडे जा. शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंतचे दोन तास सांभाळलेत तरी तिला पाठ टेकता येईल. मुलीला आजाराचं नाव सांगा. आईला कॅन्सर नावाचा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, जवळ बसल्याने लागत नाही, औषधाने केस गेलेत, ते परत येतील. पुढे रेडिएशन सुरू झालं की कुणीतरी म्हणेल, मुलांना जवळ घेऊ नकोस. बाहेरून दिलेलं रेडिएशन अंगात साठून राहत नाही, ती मुलांना मांडीवर घेऊ शकते. ऑपरेशननंतर काही आठवडे मात्र त्या बाजूच्या हाताने उचलायचं नाही, आणि त्या हाताला पुढेही सुई आणि बीपीचा पट्टा नको.

धाकट्याचं मला जास्त वाटतं. दीड वर्षाचं पोर, एका दिवसात तुटलं. ते आईच्या गाऊनची बटणं ओढत असणार, आणि ती बाई दर वेळी मान फिरवत असणार. त्याला तिच्यापासून लांब ठेवून हे सुटत नाही. ती पलंगावर टेकून बसली असताना वाटीतला मऊ भात तिच्या हाताने त्याला भरवू द्या. झोपवताना तिने नुसतं थोपटावं, त्याच्या जवळ आडवं व्हावं, आणि रडला तर उचलून फिरवायला तुम्ही खोलीतच असावं. चार-सहा दिवस रडेल. पण आईपासून अन्न मिळतं हे त्याला परत कळेल, आणि तिलाही.

आणि ‘शेक घे’ म्हणालात त्याचं. दूध पाजणाऱ्या बाईच्या छातीतल्या बहुतेक गाठी खरोखर दुधाच्याच असतात, म्हणून कॅन्सरची गाठ लक्षात यायची मागे पडते. कैकदा डॉक्टरांकडेही मागे पडते. दोन आठवड्यांत न विरघळलेली गाठ सोनोग्राफीला न्यायची असते, आणि दूध पाजत असताना सोनोग्राफी करता येते, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. आता तुम्हाला माहीत आहे, तर शेजारणीला, भाचीला सांगा. इतक्या लहान वयात हा आजार झाला आहे, तेव्हा जनुकीय तपासणी लागेल का तेही डॉक्टरांना विचारा. माहेरी बहिणी असतील तर तो प्रश्न त्यांचाही आहे, त्यांना कळवायला हवं.

माफी मागायची का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रभर तेच आहे. मागावीशी वाटली तर एका वाक्यात मागा, ‘बारशाला मी वाईट वागले.’ आणि लगेच दुसरं काहीतरी बोला. रडू नका, फ्लॅटची जुनी कैफियत उकरू नका, तिच्याकडून ‘जाऊ दे वहिनी’ ऐकायची वाट बघू नका. आजारी माणसावर आपलं समाधान करण्याचं काम टाकायचं नसतं. बाकी बोलायला काय लागतं? धीर धर, पॉझिटिव्ह राहा, हे तिने शंभर जणांकडून ऐकलंय. तुमच्या मजल्यावर काय चाललंय ते सांगा. मुलाने दाढी ठेवलीय ते सांगा. तिला झोप लागली तर तिथेच बसून थैलीतली बिलं लावा.

या शनिवारी जा. जाण्याआधी फोन करून विचारा की फोडणीचा वास सोसतोय का. नसेल तर पिठी तुमच्या घरी करून न्या, लसूण बेताची, तिखट अगदी नावाला, तोंड आलं असेल तर तेवढंही नको. ताजीच न्या, आदल्या रात्रीची नको. बरोबर मऊ भात आणि आमसुलाचं सार. स्टीलच्या चमच्याने तिला धातूची चव लागत असेल तर प्लॅस्टिकचा द्या. डबा तिच्या घरी ठेवून या. तिने साखर घालायला उठू नये म्हणून सांगते. आणि तरीही ती उठली तर अडवू नका, ओट्यापाशी तिच्या शेजारी उभ्या राहा.